आरसा, डोंगर आणि मोबाइलची रेंज
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू नेमकं करतोस काय?’ असं सकाळपासून तिघांनी विचारलं. सगळ्यांना एकदमच सांगतो. मोबाइलच्या लहरी हव्या तिकडे वळवणाऱ्या फलकांचा किती उपयोग होतो, हे मी तपासतो.

आपला देवळाली कॅम्प तोफखान्याचा. जुन्या काळी फौजेत हेलिओग्राफ असे. आरशाने सूर्यप्रकाश दूरच्या टेकडीवर पाडायचा आणि लुकलुकीतून निरोप धाडायचा. आमचं काम त्याच जातीचं, फक्त प्रकाशाऐवजी रेडिओलहरी.

आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे टॉवर डोंगराच्या एका अंगाला आणि वाडी दुसऱ्या अंगाला, असं होतं. 5जी च्या लहरी डोंगराला फारसा वळसा घालत नाहीत. दुसरा टॉवर म्हणजे जागा, वीज आणि खर्च. त्याऐवजी दोन्हीकडे नजर जाईल अशा जागी शेकडो धातूच्या चकत्यांचा फलक लावायचा. 3.5 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे साडेआठ सेंटिमीटर. चकती तिच्या निम्मी किंवा त्याहून लहान. चकतीतला डायोड परतणारी लहर किंचित मागेपुढे करतो. सगळ्या लहरी वाडीत एका ठेक्यात पोचल्या की नाशिक ढोलासारखा आवाज घुमतो. चकत्या दुप्पट केल्या, तर पोचणारी शक्ती चौपट!

बाईंनी शिकवलं होतं, आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. हा फलक लहर वेगळ्याच कोनात पाठवू शकतो. बाई, मार्क कापू नका.

पण अडचणी आहेत. लहर टॉवरपासून फलकापर्यंत क्षीण होते, तिथून फोनपर्यंत पुन्हा होते, आणि या दोन घटींचा गुणाकार होतो. म्हणून फलक मधोमध लावणं सर्वांत तोट्याचं. तो टॉवरजवळ तरी हवा, नाहीतर वाडीजवळ. शिवाय फोन हलला की ठेका पुन्हा जुळवावा लागतो. चकत्या जितक्या जास्त, तितका त्यात वेळ जातो. कागदावरचं चौपट प्रत्यक्षात बरंच उतरतं.

म्हणून आकड्यांवर मी लगेच भाळत नाही. मध्यरात्री वाडीतल्या आशाताईंना रुग्णवाहिका बोलवायला टेकडी चढावी लागली नाही, घरातूनच 108 लागला, तर फलक पास. एरवी तो नुसता महागडा आरसा.