घराने द्यावयाची पाच वर्षे



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतून आपण येथे जमला आहात. सकाळच्या मुंबईच्या गाडीत एक्स-रेचा मोठा लिफाफा मांडीवर घेऊन बसलेला रुग्ण आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या लिफाफ्यातील चित्र ज्या यंत्राने काढले, ते यंत्र कोणी घडविले, हा प्रश्न मात्र आपल्या घरांत क्वचितच निघतो. ते घडविले अभियंत्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञांनी. त्या विद्येत पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींस दरमहा अधिछात्रवृत्ती मिळू शकते, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

एम.आर.आय.चे यंत्र घ्या. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रातील चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक बलवान असतो. शरीरातील पाण्यातले हायड्रोजनचे अणू त्यात रेडिओलहरींना साद देतात, आणि त्या सादेवरून गणिताच्या बळावर चित्र तयार होते. हे चित्र लवकर कसे निघेल, यंत्र स्वस्त कसे होईल, हाच संशोधकाचा विषय. या शोधाबद्दल २००३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे पीटर मॅन्सफील्ड यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती आणि ते छापखान्याच्या धंद्यात उमेदवारी करीत होते. पुढे शिकून त्यांनी १९६२ साली पीएच.डी. मिळविली. अंबरनाथच्या कारखान्यांतून ज्यांच्या वडिलांनी यंत्रे चालविली, त्या मुलांस ही विद्या परकी का वाटावी?

ती दूरही नाही. बदलापूरची गाडी कांजूरमार्गला सोडली की पवई येते. १९५८ साली स्थापन झालेल्या तेथील आय.आय.टी.त जैव अभियांत्रिकीचा विभाग आहे. त्याच आवारात 'समीर' ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. भारतीय बनावटीचे एम.आर.आय. यंत्र सिद्ध करण्याच्या कामात ती अग्रभागी असून, त्याच्या चाचणीसाठी २०२५ साली तिने दिल्लीच्या एम्सशी करार केला.

आता पैशाचे बोलू. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे. पहिली दोन वर्षे आणि पुढील तीन वर्षे मिळून पाच वर्षांत ही रक्कम २४ लाख रुपये होते. ही कोणाची भीक नव्हे. ते कामाचे मोल आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरास यासाठी 'गेट' परीक्षा द्यावी लागते, आणि भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. विद्यार्थ्यास 'नेट'. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. महाराष्ट्रात पुण्याची 'बार्टी' आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. कधी रक्कम उशिरा हाती येते, यासाठी चार महिन्यांची शिल्लक जवळ ठेवावी.

धर्मांतर केलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे केंद्राच्या सवलती आपणांस लागू आहेत. परंतु दाखल्यावर नुसते 'बौद्ध' एवढेच लिहिलेले असेल, तर केंद्राच्या योजनेत अर्ज अडतो. पूर्वीच्या जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला मुलगा बारावीत असतानाच काढून ठेवा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यात अर्थ नाही.

तरीही खरी अडचण दाखल्याची नाही, घराची आहे. मुलगा बावीस वर्षांचा झाला की त्याने पगार आणावा, आणि मुलीचे लग्न उरकावे, असे आपणांस वाटते. ज्यांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढले त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण बाबासाहेबांचे उदाहरण आठवा. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यांची बुद्धी संपली नव्हती, पैसा संपला होता. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून व कर्ज काढून ते १९२० साली पुन्हा गेले, आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळविली. त्या काळात माता रमाबाईंनी घर कसे चालविले असेल, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

आज पैशाची ती अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आहे. उरला आहे तो घराचा धीर. म्हणून आपल्या घरात गणित आणि भौतिकशास्त्र ज्याला आवडते, असे एक मूल ओळखा. मुलगी असेल तर तिला मागे ठेवू नका. आज रात्री जेवताना तिला एवढेच सांगा की, "पदवीनंतरची पाच वर्षे तुझी आहेत, आम्ही तुझ्याकडे पगार मागणार नाही." हे वाक्य उच्चारण्यास पैसा लागत नाही, पण त्यावाचून कोणतीही अधिछात्रवृत्ती आपल्या दारी येणार नाही.

जय भीम.