पहिला आकडा कोणाचा?



बाजारात दुकानदार आधी पाचशे म्हणतो. आपण साडेतीनशेवर आणतो आणि खूश होतो. वस्तूची खरी किंमत मात्र विचारतच नाही. जनमत पाहणीतही असेच घडते. ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवायचे. ते १० किंवा ६५ वरच थांबेल, अशी तजवीज केलेली. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश शेकडा किती? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय?

आता आपल्याकडे या. "मुसलमानांची निम्मी मुले मदरशात शिकतात, की कमी?" असे विचारले, तर "कमी" म्हणणाराही बहुधा निम्म्याच्या आसपासच घुटमळेल. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या मुलांतले हे प्रमाण शेकडा तीन-चार इतकेच आहे!

उद्या मुरुममध्ये कोणी दारी येऊन विचारील, "मुलीला दहावीपुढे शिकवणार का?" प्रश्नातच दहावीचा खुंटा ठोकलेला. त्याला म्हणा, "कुठवर शिकवणार, असे विचारा." आणि उत्तर देताना मुलीलाही जवळ बसवा. तिच्या मनात इथले कॉलेज असेल, कदाचित सोलापूरचेही असेल.