अदृश्य चिन्हांची झडती

वेदगंगेच्या काठचे गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठाणे, डॉ. जे. पी. नाईकांनी स्थापिलेल्या मौनी विद्यापीठामुळे ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे दाखल झालेले आहे. अशा गावी कचेरीत, पतसंस्थेत वा महाविद्यालयात गावांची जी यादी संगणकावर तयार होते ती बहुधा विंडोज प्रणालीवर लिहिली जाते, आणि पुढे ज्या यंत्राकडे ती रवाना होते ते पुष्कळदा युनिक्सच्या कुळातले, म्हणजे आज बव्हंशी लिनक्सचे, असते. या स्थलांतरात एकही अक्षर जागचे हलत नाही. तथापि तंतोतंत ‘कडगाव’ शोधू जावे तर ते सापडत नाही, दोन याद्या एकत्र केल्या की पाटगाव दोनदा मोजले जाते, आणि डोळ्यांना मजकूर सर्वथा निर्दोष दिसत असल्यामुळे दोष कोणाच्या माथी मारावा हेच उमगत नाही.

या गोंधळाचे मूळ टेलिप्रिंटरच्या काळात आहे. ओळ संपली की त्या यंत्राला दोन स्वतंत्र हुकूम सोडावे लागत: छापणारा भाग डाव्या टोकाला न्यावा हा एक, आणि कागद एक ओळ वर सरकवावा हा दुसरा. 1963 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या व पुढे सुधारून स्थिर झालेल्या आस्की नामक 128 संकेतांच्या कोष्टकात पहिल्याला 13 आणि दुसऱ्याला 10 हा क्रमांक मिळाला. त्या कोष्टकातील 33 संकेत अक्षरे नव्हेतच, केवळ आज्ञा आहेत. 7 हा घंटा वाजवण्यासाठी नेमलेला, तर 127 हा कागदी फितीवर चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोके पाडून ते रद्द करण्यासाठी. युनिक्सच्या कर्त्यांनी ओळीअखेर एकटा 10 पुरेसा मानला. डॉसने आणि त्यामागून विंडोजने 13 व 10 ही जोडी कायम ठेवली. सबब, विंडोजवरून आलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकाशी एक 13 चिकटून राहतो, आणि युनिक्सच्या लेखी तो गावाच्या नावाचेच अखेरचे अक्षर ठरतो.

त्याची झडती घेण्यासाठी ‘कॅट’ ही जुनी आज्ञा ‘व्ही’ या पर्यायासह वापरण्याचा प्रघात आहे. 13 च्या जागी ती टोपीसारखे चिन्ह आणि एम हे रोमन अक्षर दाखवते. इंग्रजी मजकुरापुरती ही तजवीज उत्तम. परंतु युटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण व प्रत्येक मात्रा तीन बाइटांची असते, आणि हे सारे बाइट त्या आज्ञेला परके वाटत असल्यामुळे मराठी यादीचे रूपांतर एम आणि टोप्या यांच्या अशा जंजाळात होते की खरा अपराधी त्यातच लपून जातो. ‘ओडी’ ही आज्ञा ‘सी’ या पर्यायासह चालवणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. ती 13 ला उलटी तिरकी रेघ व आर असे स्वतंत्र रूप देते, आणि बाकीचे परके बाइट अष्टमान अंकांत मांडते. फाइलच्या अगदी आरंभी 357 273 277 ही अदृश्य खूण दिसली, तर यादीतले पहिलेच गाव का सापडत नव्हते याचा उलगडा होतो. मधेच 302 240 आले, तर ते साध्या मोकळ्या जागेचे सोंग घेतलेले अभंग अंतर होय.

आता निर्मूलनाचे. यासाठी सर्रास सांगितला जाणारा उपाय असा, की ‘टीआर’ या आज्ञेने 32 ते 126 हे छापण्याजोगे संकेत, टॅब आणि ओळीचा शेवट एवढे राखून उर्वरित सर्व काढून टाकावे. सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्यांच्या मजकुरात ए ते झेडच्या पलीकडे काही नव्हतेच. मराठी फाइलवर मात्र ही केरसुणी फिरली की 13 च्या बरोबर गारगोटीही जाते, कडगावही जाते, आणि मागे मोकळ्या जागा, विरामचिन्हे व कोरडे इंग्रजी अंक तेवढे उरतात.

याहून सूक्ष्म घात 342 200 215 या त्रयीत आहे. हा शून्य रुंदीचा जोडक, पडद्यावर सर्वथा अदृश्य. पण ‘दऱ्या’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी साधा र, हलन्त, हा जोडक आणि मग य अशा क्रमाने लिहिला जातो. त्याला घुसखोर समजून हाकलले, की र चा रफार होऊन भुदरगडच्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि पाटगावाच्या घाटमाथ्यावर भर उन्हाळ्यात समुद्र येतो! कऱ्हाडचीही तीच अवस्था. युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ ला स्वतंत्र क्रमांक असून तो वापरल्यास जोडकाची गरज उरत नाही. मात्र ही दोन लेखने डोळ्यांना एक आणि शोधयंत्राला दोन. म्हणून माझ्या मते, आधी ‘सेड’ या आज्ञेच्या साहाय्याने र, हलन्त आणि जोडक यांच्या जागी हा ऱ व हलन्त बसवावा, आणि मगच उरलेल्या जोडकांचा एकेक करून विचार करावा, कारण अर्धे अक्षर मोकळे दाखवण्यासाठी तो कोणी हेतुपुरस्सर योजलेला असू शकतो.

13 साठी मात्र ‘टीआर’ला केवळ तेवढा एकच संकेत नाव घेऊन सांगावा, आणि निष्पन्न मजकूर निराळ्या नावाच्या फाइलीत उतरवावा, मूळ नावावरच उतरवला तर आज्ञा सुरू होण्यापूर्वीच ती फाइल रिकामी होते. मग ‘डब्ल्यूसी’ने दोन्ही फाइलींच्या ओळी व बाइट मोजावेत. ओळी तितक्याच भराव्यात, आणि प्रत्येक ओळीअखेर 13 होता असे गृहीत धरल्यास बाइट ओळींच्या संख्येइतकेच घटावेत. त्याहून अधिक घटले असतील, तर नवी फाइल बाजूला सारून मूळ प्रत पुन्हा ‘ओडी’समोर ठेवावी.