सोळाव्या वर्षी गोल्ड... आणि पुढं?

आज क्रिकेट नाही, कबड्डी नाही. आज जिम्नॅस्टिक्सवर बोलायचंय. आणि थोडं माझ्या एका चुकीवर.

जुलै २०२१. निमगाव केतकीजवळ आमची वस्ती. दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी आमच्याकडून इंदापूरला जाते. त्या वर्षी कोरोनामुळं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. रस्ता सुना, कॉलेज ऑनलाइन. करायचं काय? मोबाईलवर टोकियो ऑलिंपिक लावलं. २७ जुलैला, दुपारच्या चहानंतर, मुलींची टीम फायनल. मी, आजी आणि माझी धाकटी बहीण, तिघी एका स्क्रीनवर.

अमेरिकेची सिमोन बाइल्स पहिल्याच व्हॉल्टनंतर बाजूला झाली. समोर रशियाच्या चौघी: मेलनिकोवा, उराझोवा, लिस्तुनोवा, अखाईमोवा. डोपिंगच्या शिक्षेमुळं अंगावर देशाचं नाव नाही, वर झेंडा नाही. बीमवर, म्हणजे त्या दहा सेंटीमीटर रुंदीच्या लाकडी पट्टीवर, उराझोवा पडली. मग मेलनिकोवा पडली. मला वाटलं, गेलं सगळं. पण फ्लोअरवर तिघींनी असं सावरलं, की शेवटी १६९.५२८ गुण आणि गोल्ड! अमेरिका १६६.०९६ वर. १९९२ नंतर पहिल्यांदा ते गोल्ड त्यांच्याकडं परत आलं.

त्यातल्या लिस्तुनोवा आणि उराझोवा दोघी सोळा वर्षांच्या. लिस्तुनोवा तर त्याच एप्रिलमध्ये, पंधराव्या वर्षी, युरोपची ऑल-अराउंड चॅम्पियन झाली होती. मी लगेच स्टेटस ठेवलं, ‘एवढ्याशा पोरींनी करून दाखवलं!’

आजी मात्र बीमकडं बघत म्हणाली, “आगं, ही तर डोंबाऱ्याच्या पोरीवानी चालतीया की.”

तेव्हा आम्ही हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. लहानपणी इंदापूरच्या बाजारात मी डोंबाऱ्याचा खेळ बघितला होता. खाली ढोलकी, वर दोरीवर हातात काठी घेऊन चालणारी सात-आठ वर्षांची मुलगी. माझ्याच वयाची. लोक बघत होते ते तिचं कसब, खरंय. पण खिशात हात जात होता तो ती लहान होती म्हणून. तीच दोरी तिच्या बापानं चालून दाखवली असती, तर निम्मी गर्दी पुढं सरकली असती.

आता माझी चूक.

ऑलिंपिक बघून धाकटी हट्टाला पेटली. आमच्याकडं कुठला बीम आणि कुठले बार! पण मल्लखांब होता. शाळा सुरू झाल्यावर ती शनिवार-रविवारी माझ्याबरोबर एसटीनं बारामतीला दोरीच्या मल्लखांबाच्या वर्गाला यायला लागली. अंगात लवचिकपणा होताच. वर्षभरात दोरीवर उलटी लटकून अशी कमान करायची, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

मी रील्स बनवायला लागले. ‘वय फक्त १३’ हे अक्षरं मोठी करून वर टाकायचे. त्यालाच लाईक्स यायचे ना! एका रविवारी क्लास संपल्यावर ती म्हणाली, “ताई, कंबर दुखतीय गं.” मी म्हणाले, “एवढं काय नाही होत. अजून एकदा कर, उजेड आहे तोवर.”

तिनं केलं. एकदा नाही, चार वेळा.

पुढं दोन महिने तिनं दुखणं लपवलं. स्पर्धा जवळ होती, आणि ताईला रील पाहिजे होतं. शेवटी सकाळी अंथरुणातून वाकून उठायला लागली तेव्हा आईनं दवाखान्यात नेलं. वाढत्या वयात मणक्यावर ताण आलाय, म्हणाले. तीन महिने दोरीला हात लावायचा नाही. तिला कोणी जबरदस्ती केली नव्हती हो. फक्त एक फॅन होती. मी.

त्या तीन महिन्यांत मी जिम्नॅस्टिक्सचा इतिहास वाचला. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये परफेक्ट टेन मिळवणारी रोमानियाची नादिया कोमानेच १४ वर्षांची होती. आता नियम असा, की मोठ्या स्पर्धेच्या वर्षात मुलगी १६ ची व्हायला हवी. हा नियम १९९७ पासूनचा.

आणि मग एलेना मुखिना सापडली. सोव्हिएत संघाची, १९७८ ची जगज्जेती. पाय मोडला होता, तो नीट भरायच्या आत तिला सरावाला उतरवलं. १९८० च्या जुलैत, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, एक अवघड उडी घेताना ती हनुवटीवर पडली. मान मोडली. वय २०. नंतरची २६ वर्षं तिनं अंथरुणात आणि व्हीलचेअरवर काढली. २००६ मध्ये गेली. ती उडी पुढं बंद झाली.

हे वाचून वाटलं, हा खेळच बघू नये. पण मंडळी, मेलनिकोवानं मला परत आणलं.

ती २०१६ ला रिओत खेळली तेव्हा १६ ची होती, टीमचं सिल्व्हर घेऊन आली. टोकियोत २१ ची. बीमवरून पडून उठलेली तीच. त्याच वर्षी जगज्जेती झाली. मार्च २०२२ पासून युद्धामुळं रशियाच्या खेळाडूंवर बंदी आली. त्या बंदीचं राजकारण हा वेगळा विषय आहे. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जकार्तात ती तटस्थ खेळाडू म्हणून उतरली आणि पुन्हा ऑल-अराउंड जगज्जेती झाली. वय २५! ज्या खेळात विशीतल्या मुलीला ‘म्हातारी’ म्हणायचे, तिथं.

आपली दीपा कर्माकर आठवते? रिओत तिनं मारलेला तो खतरनाक व्हॉल्ट, प्रोदुनोवा, त्याला नावच येलेना प्रोदुनोवा या रशियन मुलीचं. दीपाचं ब्राँझ फक्त ०.१५ गुणांनी हुकलं, तेव्हा सगळा देश जागा होता. पण २०२४ मध्ये ताश्कंदला, तिशीत, ती आशियाई स्पर्धेत गोल्ड जिंकणारी पहिली भारतीय जिम्नॅस्ट ठरली. तेव्हा किती जणांनी स्टेटस ठेवलं? मी पण नव्हतं ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लहान वयाचं कौतुक करताना आपण नकळत त्या पोरीला सांगत असतो, की तुझ्याकडं वेळ कमी आहे. मग ती दुखणं लपवते. तेरा वर्षांची मुलगी भारी खेळली, तर खेळाचं कौतुक करा ना. वयाचं कशाला?

धाकटी आता परत दोरीवर आहे. स्पर्धेला नाही, आवडतं म्हणून. मागच्या महिन्यात म्हणाली, “ताई, एक व्हिडिओ काढ.” मी विचारलं, “कंबर?” ती म्हणाली, “बरी आहे गं, विचारत जाऊ नको सारखं.”

विचारणार. दरवेळी विचारणार. आणि त्या व्हिडिओवर वय लिहिलेलं नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, तालमीत अशी कोणी पोरं-पोरी असतील तर आज त्यांना एवढंच विचारा, कुठं दुखत तर नाही ना? चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.