औषधांस न जुमानणारा अपस्मार आणि मनाची व्यथा



अपस्मार, ज्यास आपण फेपरे म्हणतो, हा मेंदूतील विद्युत्-व्यापार बिघडल्याने होणारा विकार होय. बहुसंख्य रुग्णांचे झटके औषधांनी आवरतात. सुमारे एक-तृतीयांशांचे मात्र आवरत नाहीत. योग्य निवडलेली व नीट घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, म्हणजे तो अपस्मार औषधांस न जुमानणारा समजावा, अशी व्याख्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१० साली केली. तिसऱ्या-चौथ्या औषधात वर्षे घालविण्यापूर्वी अशा रुग्णास मोठ्या अपस्मार-केंद्रात तपासून घ्यावे, हे उत्तम.

तेथे झटक्याचे चित्रण व मेंदूचा विद्युत्-आलेख एकाच वेळी घेतात. काहींचे झटके मानसिक ताणातून उद्भवलेले आढळतात. ते ढोंग नव्हे. त्यांवर मानसोपचार हाच उपाय. इतरांत झटक्याचे उगमस्थान निश्चित झाल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१७ साली ११६ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध केली. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती. केवळ औषधांवरील ७ टक्के. तथापि काही मुलांच्या एका अंगास दुर्बलता आली, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास मानेतील व्हेगस मज्जातंतूस चेतना देणारे यंत्र किंवा वैद्यांच्या देखरेखीखालील स्निग्धप्रधान आहार हे मार्ग उरतात.

आता मनाविषयी. झटका चारचौघांस दिसतो. खिन्नता व भीती दिसत नाहीत. 'एवढे दुखणे म्हटल्यावर मन खचणारच', असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. वास्तविक खिन्नता ही उपचारयोग्य व्याधी आहे. तिची उपेक्षा झाल्यास प्रसंगी जिवावर बेतते. क्वचित लेव्हेटिरासिटामसारखे अपस्मारावरील औषधच चिडचिड वा उदासी वाढविते. म्हणून स्वभावात पडलेला फरक वैद्यांस अवश्य कळवावा, परंतु औषध आपणहून एकाएकी बंद करू नये. खिन्नतेवरील बहुतेक प्रचलित औषधे अपस्माराच्या रुग्णासही देखरेखीखाली देता येतात. मनोविकार आहे एवढ्यावरून शस्त्रक्रियेचे द्वारही बंद होत नाही. मात्र तिच्या आधी व नंतर मनोविकारतज्ज्ञाची साथ हवी.

व्रतस्थ मंडळींस एक विनंती. एकादशी असो वा उत्सव, औषधाची वेळ चुकवू नये व रात्रीची झोप मोडू नये; दोहोंमुळे झटका ओढवतो. आणि घरात असा रुग्ण असल्यास 'आज झटका आला का?' या प्रश्नाबरोबरच 'आज मन कसे आहे?' हेही त्यास रोज विचारावे.