फिलीची आई
(माहितीपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आत्ता पाहिलेला ‘बेस्ट बॉय’ इरा वोल यांनी आपल्या नात्यातल्या भावावर 1979 साली पुरा केला. त्याला ऑस्करही मिळालं. फिली तेव्हा 52 वर्षांचा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहणारा. त्याचं बौद्धिक अपंगत्व डाउन सिंड्रोममुळे नव्हतं. तरी इथल्या डाउन असलेल्या मुलांच्या आयांनी तो पाहावा असं मला वाटत होतं. अमेरिकेत 1983च्या सुमारास अशा माणसाचं सरासरी आयुष्य 25 वर्षांच्या आसपास होतं; आज ते 60च्या घरात आहे. जन्मजात हृदयदोषावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, संस्थांत डांबणं कमी झालं. म्हणजे मूल आता आईच्या मागे उरणार.

सगळे फिलीबद्दल बोलतात. मी पर्लकडे, त्याच्या आईकडे बघत होते. ‘तुमच्यामागे याचं काय?’ या प्रश्नातून चित्रीकरण सुरू झालं, आणि ते चालू असतानाच वडील वारले. फिली एकट्यानं आइस्क्रीम आणायला शिकतो. पन्नाशी उलटल्यावर! येत नव्हतं असं नाही, वेळच आली नव्हती. पण म्हणून आईला बोल लावू नका. पन्नास वर्षं बिनपगारी, बिनरजेचं काम एका बाईवर टाकायचं आणि वर ‘फार जपलं’ म्हणायचं, हे आपल्या ओळखीचंच आहे. फिली समूहनिवासात जातो तेव्हा पर्लचं घर ओस पडतं. पुढे तीही गेली. फिली मात्र सावरला. 1997च्या ‘बेस्ट मॅन’मध्ये तो सत्तरीचा दिसतो.

आपल्याकडे 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं सज्ञान मुलासाठीही कायदेशीर पालक नेमता येतो. पण पालक नेमला म्हणजे राहायला घर मिळालं असं नाही. आणि पालक होणार कोण? बहुतेक घरांत बहीण, नाहीतर वहिनी. म्हणजे तेच काम पुढच्या बाईकडे.

पाळणाघरांसाठी आपण मोर्चे काढले. चाळिशीच्या मुलाच्या आईनं कुठल्या पाळणाघराचं दार ठोठवायचं? वस्तीतच चार-सहा जणांचं घर, पगारी मदतनीस, हे आपल्या मागणीपत्रात यायला हवं. तोवर एक करता येईल. आई धडधाकट आहे तोवरच मुलानं महिन्यातून दोन रात्री दुसऱ्या घरी राहावं, आणि त्याला काय आवडलं, काय नाही, ते आधी त्यालाच विचारावं. माझ्या घरात एक खाट रिकामी आहे. आणखी कुणाकडे आहे, ते चहाच्या वेळी सांगा.