भरतकामाचा भाव कसा ठरवावा?
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्यातल्या काही भगिनी घरी मशीनवर भरतकाम करतात. चेन्नईत ब्लाऊजच्या पाठीवर आणि बाह्यांवर नक्षी लागतेच, त्यामुळे कामाला तोटा नाही. पण महिनाअखेरीस हातात काय उरले, असे विचारले की उत्तर येते, "घरचेच काम, हिशोब कुठला!" आज त्या हिशोबाबद्दल दोन शब्द.

बाजारात दर हजार टाक्यांवर सांगतात. ते सोपे आहे, पण अपुरे आहे. समजा, नक्षी १२,००० टाक्यांची आहे. मिनिटाला ६०० टाके धरले तर मशीन २० मिनिटे चालेल. पण कापड फ्रेममध्ये ताणून बसवणे, मागे कागद लावणे, रंग बदलणे, तुटलेला दोरा ओवणे आणि शेवटी सुटे दोरे कापणे यात आणखी २५ मिनिटे जातात. म्हणजे काम झाले पाऊण तासाचे.

आता तासाचा खर्च काढू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकीने आपापले घालावेत. ३ लाखांचे मशीन ५ वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला ६०,००० रुपये झाले. इथे आडी आणि मार्गळी या महिन्यांत लग्ने नसतात, म्हणून वर्ष १० महिन्यांचेच धरा. महिन्याला २५ दिवस, रोज ४ तास, म्हणजे वर्षाचे १,००० तास. मशीनचे तासाला ६० रुपये, वीज, सुया आणि दुरुस्तीचे ४०, आपल्या मेहनतीचे १५०. एकूण २५०. पाऊण तासाचे १८७ रुपये ५० पैसे, त्यात दोरा व कागद ३०, वर नफा आणि नासधूस यासाठी २० टक्के. भाव झाला साधारण २६० रुपये. हजाराला १५ रुपये दराने हेच काम १८० रुपयांत जाते. म्हणजे नफा दूरच, दोऱ्याचे पैसेही पदरचे!

नक्षी संगणकावर तयार करण्याचे पैसे वेगळे सांगावेत. ते ८०० रुपये असतील तर ४० शर्टांवर प्रत्येकी २० पडतात. एकच नग असेल तर सगळे त्या एकावर. गिऱ्हाईकाला हे आधी समजावले की कुरबुर होत नाही.

कांचीपुरम रेशीम गिऱ्हाईकाचे असले तरी जोखीम आपली असते. आधी तुकड्यावर नमुना काढून दाखवावा आणि बिघडल्यास काय, हे कामाआधीच लिहून घ्यावे.

राहिला प्रश्न आपल्या माणसांचा. सूट जरूर द्या, पण बिलावर लिहून द्या: भाव २६०, सूट ४०, येणे २२०. दोरेवाला आपल्याला सूट देत नाही, ही सूट आपल्या मजुरीतूनच जाते. सोन्याच्या बिलात घडणावळ वेगळी लिहिलेली असते आणि ती आपण मुकाट्याने देतो. मग भरतकामाची मजुरी मागताना संकोच का?

घरी बसून केलेले काम हे कामच असते. त्याचे मोल आधी आपण धरले, तर लोकही धरतील.

गणपती बाप्पा मोरया!